माथेरान : कड्याकाठची सोपी वाट

सह्याद्रीत कड्याच्या काठावर उभं राहायचं तर आधी घाम गाळावा लागतो. कातळात खोदलेल्या पायऱ्या, लोखंडी शिड्या, मुरुमाची घसरण हे सगळं पार केलं की मग कुठे दरी दिसते. माथेरानचा हिशेब वेगळा. साध्या चपला घातलेली आजी आणि तिचं बोट धरलेली नात शार्लोट लेकपासून निघतात, जांभूळ-अंजनीच्या सावलीतून रमतगमत एको पॉइंट गाठतात, तिथून काठाकाठाने लुईझा पॉइंटला येतात. खाली खोल दरी आणि पलीकडे प्रबळगडाचं लांबच लांब पठार. वाटेत दमछाक करणारा चढ नाही की पाठीमागून हॉर्न नाही.

ही सोय आपसूक झालेली नाही. ती आधी दगडाने केली, मग साहेबाने आणि शेवटी कायद्याने. आणि या सोयीचं ओझं पहिल्यापासून कुणीतरी डोक्यावर, खांद्यावर वाहत आलं आहे.

दगडाची करामत

माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. उंची सुमारे ८०० मीटर. मलंगगड, चंदेरी, पेब अशी मुख्य सह्याद्रीपासून सुटलेली एक रांग आहे, तिच्यातलाच हा डोंगर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेला लाव्हा थरावर थर साचत गेला आणि काळा बेसॉल्ट तयार झाला. माथ्यावरचा दगड उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं झिजला. त्यातली सिलिका पावसाबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. तोच जांभा. भोकाभोकांचा असला तरी उघड्यावर तो टणक होतो आणि खालच्या थरांचं झिजण्यापासून रक्षण करतो. म्हणून माथा सपाट आणि कडा ताठ. पठारावरचा माणूस सपाटीवर चालता चालता थेट दरीच्या तोंडाशी येतो, याचं मूळ इथे आहे.

जांभ्यात पाणी मुरतं, खालच्या घट्ट दगडावर अडतं आणि कड्याच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. माथ्यावर एवढी दाट झाडी टिकली ती या ओलाव्यामुळेही. संध्याकाळी घरी परतल्यावर पोरांचे मोजे तांबडे का झालेले असतात, याचं उत्तरही जांभ्यातल्या लोहात आहे.

लुईझा पॉइंटवर सेल्फी काढून झाली की मुलांना समोरच्या प्रबळगडाकडे नीट बघायला सांगावं. कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात : काळाभोर उभा कातळ, मग गवताची अरुंद पायरी, पुन्हा कातळ. प्रत्येक उभी पट्टी म्हणजे लाव्हाचा एकेक जाड थर. दोन थरांमधला मऊ भाग झिजला आणि तिथे गवताला जागा मिळाली. उन्हाळ्यात ते वाळून पिवळं पडतं तेव्हा या पायऱ्या लांबूनही मोजता येतात.

एको पॉइंटवर तर गणितच करता येतं. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हाक मारून ती परत यायला लागलेले सेकंद मोजायचे आणि त्यांना १७०ने गुणायचं. ज्या कड्यावरून ती परतली त्याचं अंतर मिळतं, कारण आवाजाने जाणं-येणं दोन्ही केलेलं असतं.

साहेबाची आखणी

मे १८५०मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावी मुक्कामाला होता. तिथून तो आज वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूने वर चढला आणि रामबागच्या वाटेने उतरला. मुंबईच्या उकाड्याला जवळचा उतारा म्हणून त्याला हा डोंगर पसंत पडला. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत (१८५३-६०) रस्ते आखले गेले, बंगले उठले. आखणी करणाऱ्यांनी वाटा पठाराच्या काठाने फिरवल्या आणि जिथे कडा पुढे झेपावतो तिथे बसायची, बघायची जागा केली. अशा तीसहून अधिक जागा आज ‘पॉइंट’ म्हणून ओळखल्या जातात.

मॅलेटने माथेरान ‘शोधलं’ असं पुस्तकांत सापडतं. पण धनगर, ठाकूर आणि कातकरी हा डोंगर आधीपासून वापरत होते. पायथ्याच्या वाड्यांतल्या ज्या वाटांनी दूध, भाजी, रानमेवा वर येतो, त्या कुणा इंजिनिअरने आखलेल्या नाहीत. पॉइंटांना साहेबांची आणि मडमांची नावं मिळाली. पण गावाला अभिमान आहे तो इथेच १९१२ साली जन्मलेल्या भाई कोटवालांचा. बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडणारा हा क्रांतिकारक २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाला. पूर्वेकडच्या पॉइंटांवरून मुख्य सह्याद्रीची भिंत दिसते. भीमाशंकरच्या उत्तरेला त्याच रांगेत सिद्धगड आहे. मुलांना ही गोष्ट सांगायची तर ती तिथेच उभं राहून.

नेरळहून वर येणारी दोन फुटी रुळांची गाडी पीरभॉय कुटुंबाने बांधली. काम १९०४मध्ये सुरू झालं आणि १९०७मध्ये गाडी धावली. सुमारे २१ किलोमीटरच्या या नागमोडी मार्गाने माथेरान सामान्य मुंबईकराच्या आवाक्यात आणलं.

मोटार नाही, म्हणून वाट आहे

मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. ही बंदी जुनीच. ४ फेब्रुवारी २००३च्या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटर टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि तिला भक्कम आधार मिळाला. सहा वर्षांच्या मुलाचा हात सोडून देता येतो अशी रस्त्याच्या मधोमधची जागा महाराष्ट्रात आता किती ठिकाणी उरली आहे?

पण मोटार नाही म्हणजे ओझं नाही असं होत नाही. सिलिंडर, सिमेंट, किराणा, पाहुण्यांच्या बॅगा यांतलं बरंचसं घोड्यांवर, हातगाड्यांवर आणि हमालांच्या डोक्यावर आलं. ज्यांना चालवत नाही अशांना माणसांनी हातरिक्षातून ओढलं. चढावर एक पुढून ओढणार, दुसरा मागून रेटणार. हे काम करणाऱ्यांनीच ई-रिक्षासाठी कोर्टाचं दार ठोठावलं; घोडेवाल्यांना पोटावर पाय येण्याची भीती होती, त्यांनी विरोध केला. डिसेंबर २०२२मध्ये प्रायोगिक ई-रिक्षा सुरू झाल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात असल्याचं सांगत ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

त्याच निकालाचा दुसरा भाग चालणाऱ्यांच्या फायद्याचा आहे. दस्तुरीपासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील. आतल्या रस्त्यांवर आणि डोंगरवाटांवर नाही. टापांनी माती भुसभुशीत होते, पावसात वाहून जाते, झाडांची मुळं उघडी पडतात. पेव्हरची मागणी त्यातूनच आली होती. पण ब्लॉक पॉइंटांपर्यंत पोचले असते, तर त्यामागून चाकंही पोचली असती.

कुटुंबासह निघताना

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ असते. पावसात धबधबे खरे, पण धुक्यात पॉइंट गडप होतात, शेवाळावर पाय सरकतो आणि नेरळ ते दस्तुरीजवळचं अमन लॉज स्टेशन ही गाडीही बंद असते. तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते. सकाळी उत्तरेचा पॅनोरमा पॉइंट, दुपारनंतर पिसारनाथाचं देऊळ, शार्लोट लेक आणि पश्चिमेचा काठ असा क्रम सोयीचा. जांभ्याची कड आतून पोखरलेली असू शकते, म्हणून कठड्याच्या अलीकडेच थांबावं. खाऊची पिशवी बॅगेतच ठेवावी, माकडं वाट बघतच असतात.

चालता न येणाऱ्या आजोबांसाठी बाजारापर्यंत ई-रिक्षा हवीच. त्यांना ओढायला कुणाचं शरीर लागू नये. त्यापुढची लाल माती मात्र पायांसाठीच राखायला हवी. कड्याकाठची ही वाट सोपी आहे ती तिथे गाडी जात नाही म्हणून. ती आणखी सोपी करायला गेलो, तर चालण्याजोगं तिथे काही उरणार नाही.