एसीपी प्रद्युम्न यांची वीस वर्षे

‘सीआयडी’ ही हिंदी मालिका सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. या काळात तिचे १५४७ भाग झाले. निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि त्यांचे भागीदार प्रदीप उप्पूर यांच्या ‘फायरवर्क्स’ या संस्थेने ती मुंबईत तयार केली. पोलिसांवरच्या मालिकांची परंपरा ब्रिटनमध्ये जुनी आहे. तिथल्या ‘द बिल’ने १९८४ ते २०१० अशी मजल मारली. भारतात तिच्या तोडीचे आयुष्य लाभले ते सीआयडीला. मात्र या दोन्ही मालिका एका जातीच्या नाहीत. ‘द बिल’चा विषय पोलीस ठाणे हा होता, सीआयडीचा रहस्य.

सीआयडीची मुळे मराठीत आहेत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून छायालेखन शिकलेले सिंग मुंबई दूरदर्शनवर वृत्तविभागात कॅमेरा सांभाळत. बातमीच्या निमित्ताने पोलिसांचा तपास जवळून पाहायला मिळत असे. पुढे त्यांनी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली. शीर्षकातला आकडा पोलीस नियंत्रण कक्षाचा, जो आता ११२ झाला आहे. पुढे सीआयडीत एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम त्या मालिकेत पोलीस अधिकारी होते, आणि दीपक शिर्केंचा चेहराही तिच्यामुळे घरोघरी ओळखीचा झाला. मध्यरात्रीची गस्त, वायरलेसवरचा खरखरता आवाज, चाळीतली साक्ष यांचा तिच्यात भरणा होता. सिंग आणि साटम यांची जोडी इथे जमली, ती सीआयडीत वीस वर्षे टिकली.

साटम मूळचे बँकेत रोखपाल. नोकरी सांभाळून मराठी रंगभूमीवर काम करता करता ते दूरदर्शन आणि चित्रपटांकडे आले. ‘वास्तव’मधला संजय दत्तचा बाप त्यांनीच उभा केला. एसीपी प्रद्युम्न म्हणून त्यांनी हवेत बोटे फिरवत, अर्धे वाक्य तोंडातच ठेवत संशय व्यक्त करण्याची जी लकब घडवली, ती पुढे नकलाकारांच्या उपजीविकेचे साधन झाली. दया झालेले दयानंद शेट्टी मैदानी खेळाडू होते, त्यामुळे दार तोडण्याचे काम त्यांच्याकडे आले ते उगीच नव्हे. अभिजीतच्या भूमिकेतले आदित्य श्रीवास्तव यांनी १९९८च्याच ‘सत्या’ चित्रपटात इन्स्पेक्टर खांडिलकर साकारला होता. सुरुवातीच्या भागांत आशुतोष गोवारीकर आणि अश्विनी काळसेकर होते. गोवारीकर लवकरच बाहेर पडले आणि ‘लगान’ घेऊन परतले. फ्रेडी झालेले दिनेश फडणीस विनोदाची बाजू सांभाळत, काही भागांचे लेखनही करत. ५ डिसेंबर २०२३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मालिका बंद होऊन पाच वर्षे उलटली होती, तरी बातम्यांचा मथळा ‘सीआयडीतला फ्रेडी गेला’ असाच होता.

भागाची रचना ठरलेली. कुठे तरी मृतदेह सापडतो, पथक गाडीतून उतरते, दया आणि अभिजीत जागेची झडती घेतात. मग न्यायवैद्यक प्रयोगशाळेत डॉ. साळुंखे म्हणजे नरेंद्र गुप्ता प्रेतावरून चादर बाजूला सारतात आणि विष, केस, रक्तगट असे काही तरी हाती देतात. एसीपी आणि साळुंखे यांची थोडी खटकाखटकी होते. संशयितांची रांग लागते, त्यातला सर्वांत सभ्य दिसणारा माणूस खुनी निघतो, एक थप्पड बसते, तो भडाभडा कबुली देतो आणि एसीपी त्याला फाशीचे भविष्य सांगतात. एवढ्यात भाग संपतो. पोलिसांच्या घरी काय चालले आहे, पगार किती, रजा मिळते की नाही, बदली कुठे झाली, यातले काही नाही. खुद्द एसीपींना गुन्हेगार झालेल्या मुलावर गोळी झाडावी लागते, असा प्रसंग कथेत आहे, पण तोही त्या भागापुरता. पुढच्या आठवड्यात नवा मृतदेह.

टीकाकार या ठरीवपणाला नावे ठेवतात, पण मालिका टिकली ती याच्याच जोरावर. कालचा भाग चुकला तरी आजचा कळतो, आणि आजी, मुले, पाहुणे असे कुणीही मध्येच येऊन बसले तरी त्यांना काही विचारावे लागत नाही. सासू-सुनांच्या रोजच्या मालिकांचा जोर होता त्या वर्षांत घरातल्या दुसऱ्या गटाला, विशेषतः शाळकरी मुलांना, पाहण्यासारखे काही हवे होते, आणि रक्तपात फारसा न दाखवणारी सीआयडी त्यांना दाखवायला घरच्यांची हरकत नसे. मराठी वाचकाला हा साचा नवीन नव्हताच. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून झुंजार, काळा पहाड आणि धनंजय घरोघरी पोहोचवले होते. चातुर्याने उकललेला गुन्हा, निष्ठावान साथीदार, शेवटच्या पानात उघडलेला चेहरा हे सगळे तिथून चालत आलेले होते. फरक इतकाच की सीआयडीने हेराच्या अंगावर सरकारी ओळखपत्र चढवले.

तांत्रिक हौसही सिंग यांच्यात होती. ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवलेला ‘द इन्हेरिटन्स’ हा विशेष भाग १११ मिनिटांचा आहे आणि तो सबंध एकाच सलग चित्रणात टिपलेला आहे. कॅमेरा एकदाही न थांबवता कलाकार, प्रकाशयोजना, ध्वनी आणि जागा बदलत नेण्याची ही कसरत होती. एक जण ओळ विसरला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. गिनीज आणि लिम्का या दोन्ही नोंदवह्यांत तिची नोंद झाली. छायालेखक दिग्दर्शक असल्याचा फायदा इथे दिसतो.

‘द बिल’ची गोष्ट वेगळी. तिचे निर्माते-लेखक जेफ मॅक्वीन. १९८३ साली ‘वूडनटॉप’ नावाचा एक स्वतंत्र भाग आयटीव्हीवर गाजला आणि पुढच्या वर्षी मालिका आली. पूर्व लंडनमधले सन हिल हे काल्पनिक ठाणे हाच तिचा नायक. हवालदार, वाहतूक शिपाई, साध्या वेशातला तपासी अधिकारी, रात्रपाळीचा सार्जंट असे सगळे तिच्यात समसमान. दीर्घकाळ एक शिस्त पाळली गेली: प्रत्येक दृश्यात कुणी तरी पोलीस असलाच पाहिजे, म्हणजे प्रेक्षकाला गुन्हेगाराची बाजू आधी कळत नाही, पोलिसाला जेवढे दिसते तेवढेच दिसते. खून तर क्वचितच. भांडण, चोरी, हरवलेले मूल, दारुडा, तक्रार घ्यायला नकार देणारा अधिकारी हा रोजचा माल. २००२च्या सुमारास पोलिसांची प्रेमप्रकरणे आणि घरचे कलह पुढे आणले गेले, आणि जुन्या प्रेक्षकांच्या मते तिथूनच उतरण लागली. २०१० मध्ये ती बंद झाली.

आता खऱ्या ठाण्याकडे वळू, कारण सीआयडी पाहून पोलिसांची कल्पना करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. राज्याच्या खऱ्या गुन्हे अन्वेषण विभागाचे, म्हणजे सीआयडीचे, मुख्यालय पुण्यात आहे. तिच्याकडे येणारी प्रकरणे शासनाने किंवा न्यायालयाने सोपवलेली असतात. मुंबईतल्या खुनाचा तपास स्थानिक ठाणे किंवा पोलीस आयुक्तालयाची गुन्हे शाखा करते. उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगरच्या पडेगाव परिसरात काही घडले तर नोंद छावणी पोलीस ठाण्यात होते, शवविच्छेदन घाटी रुग्णालयात होते, आणि नमुने लाखबंद होऊन न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. तिथून अहवाल एका दुपारीत येत नाही. शवविच्छेदन करणारा डॉक्टर वेगळा, रसायन तपासणारा वेगळा, बोटांचे ठसे पाहणारा तिसरा. मालिकेत हे सगळे एकटे साळुंखे करतात. सहायक पोलीस आयुक्ताच्या, म्हणजे एसीपीच्या, अखत्यारीत काही ठाण्यांचा विभाग असतो, त्यामुळे तो प्रत्येक प्रेतापाशी जाऊन बोटे फिरवत बसू शकत नाही.

कागद हा तपासाचा खरा कणा आहे, आणि पडद्यावर तो दिसतच नाही. खबर मिळाली की ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद घेतो. संशयास्पद मृत्यू असेल तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद, मग गरज असेल तर गुन्हा. घटनास्थळाचा पंचनामा दोन पंचांसमोर होतो. हाती लागलेला मुद्देमाल लाखबंद करून त्यावर चिठ्ठी लावली जाते, आणि ती साखळी कुठे तुटली की न्यायालयात वकील तिथेच बोट ठेवतो. अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. म्हणजे प्रत्येक भागाचा कळस ठरणारी ती थप्पड आणि ती कबुली न्यायालयात कवडीमोल, आणि थप्पड मारणाऱ्या अधिकाऱ्यालाच जाब द्यावा लागेल. फाशीही एसीपी देत नाही. त्याच दिवसापासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक ठरवले आहे, राज्यांना त्याची तयारी करण्यासाठी पाच वर्षांची मुभा आहे. साळुंख्यांचे पथक या बाबतीत काळाच्या पुढे होते म्हणायचे.

मराठी वाहिन्यांनीही हा प्रकार पुढे नेला. ई टीव्ही मराठीवर ‘क्राईम डायरी’ आली. स्टार प्रवाहवरच्या ‘लक्ष्य’ने (२०११ ते २०१६) अदिती सारंगधरसारख्या अभिनेत्रीला पोलीस अधिकाऱ्याच्या मध्यवर्ती भूमिकेत आणले. मराठी प्रेक्षकाला तिच्यात आपली भाषा, आपल्या वस्त्या आणि आपल्या ओळखीचे गुन्हे दिसले. हिंदीत त्याआधीच, १९८९ साली, कविता चौधरी यांच्या ‘उडान’ने दूरदर्शनवर महिला पोलीस अधिकाऱ्याची धडपड दाखवली होती. तीही पोलिसी रहस्यापेक्षा पोलिसाचे आयुष्य सांगणारी मालिका. मात्र ठाण्यातल्या हवालदारापासून वरिष्ठापर्यंत सगळ्यांना सामावणारी, खुनाऐवजी किरकोळ तक्रारींवर उभी राहणारी ‘द बिल’सारखी दीर्घ मालिका मराठीत आजवर झालेली नाही.

सीआयडी २१ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा सुरू झाली, त्याच वाहिनीवर, त्याच तीन मुख्य चेहऱ्यांसह. पुढे ती नेटफ्लिक्सवरही आली. एप्रिल २०२५ मध्ये कथेत एसीपी प्रद्युम्न यांना स्फोटात मारण्यात आले, तेव्हा प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर इतका गहजब केला की काही महिन्यांत साटम परत आले. नव्या पर्वातही कबुली थप्पडीनेच मिळते.