सहा रस, चार धावपटू आणि एक घनाकृती

जालन्याहून छत्रपती संभाजीनगर व कन्नडमार्गे घाट उतरले की चाळीसगाव तालुका लागतो. तेथील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला. १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) एक रुचकर प्रश्न आहे : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू व तुरट या सहा रसांची किती मिश्रणे होतील? एकेरी ६, दोन-दोनांची १५, तीन-तीनांची २०, चारांची १५, पाचांची ६ आणि सहाही रसांचे १, एकूण ६३. सुश्रुत व चरक या वैद्यकाचार्यांनीही हीच संख्या दिलेली आहे.

आता प्रत्येक रस म्हणजे एक बिंदू, दोन रसांचे मिश्रण म्हणजे त्यांना जोडणारी रेषा आणि तिघांचे मिश्रण म्हणजे भरीव त्रिकोण असे मानू. पुढच्या मिश्रणांना अधिक मिती लागतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोजता येतात. या संख्या आलटून पालटून मिळवू व वजा करू : ६ − १५ + २० − १५ + ६ − १ = १. रस सहा घ्या वा साठ, उत्तर १ च येते. मात्र शेवटचे, सर्व रसांचे मिश्रण वगळले की आकृती आतून पोकळ होते आणि बेरीज बदलून २ होते. आकृती ताणली, दाबली, तरी ही संख्या बदलत नाही. पोकळी निर्माण झाली तर ती लगेच सांगते. लिओनार्ड ऑयलर यांनी १७५० मध्ये बहुफलकांसाठी हा नियम मांडला : शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठे बरोबर २.

याच नियमाची दुसरी वाट संचाच्या विभाजनातून जाते. चार विद्यार्थ्यांपैकी कोणी कोणासोबत एका खोलीत राहावे, एवढाच प्रश्न घ्या. चौघे एकत्र : १ प्रकार, दोन गट : ७, तीन गट : ६, चौघे स्वतंत्र : १. एकूण १५. परंतु हेच चौघे शर्यतीत धावले आणि बरोबरीही मान्य केली, तर गटांना क्रम येतो. कोणतीही बरोबरी नसेल तर निकाल २४. एकच जोडी बरोबरीत असेल तर ३६. दोनच क्रमांक असतील तर १४. चौघेही बरोबर असतील तर १. एकूण ७५.

येथेच खरी गंमत आहे. चौघांचे क्रमांक (१, २, ३, ४ यांची कोणतीही मांडणी) हे बिंदूचे निर्देशक माना. त्यांची बेरीज नेहमी १० असल्याने हे २४ बिंदू त्रिमितीत मावतात. लगतच्या क्रमांकांवरील दोघांनी जागा बदलली की एका बिंदूवरून शेजारच्या बिंदूवर जाता येते. अशा जागा तीन; म्हणून कडा २४ × ३ ÷ २ = ३६. प्रत्येक कड म्हणजे एका जोडीची बरोबरी! दोन-दोनांचे गट पडले की चौरस मिळतो, असे ६. एक व तीन असे गट पडले की षट्कोन, असे ८. एकूण पृष्ठे १४, आणि २४ − ३६ + १४ = २. चौघांच्या बरोबरीचा तो एकमेव निकाल म्हणजे आतला भरीव भाग.

पालकसभेत पाल्याचा ‘नंबर कितवा’ हे आवर्जून विचारले जाते, आणि विभागून दिलेला क्रमांक अनेकांना निकालातील उणीव वाटतो. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. बरोबरीचे निकाल गाळले तर उरतात ते २४ सुटे ठिपके. त्यांना जोडणारी एकही कड नाही, पृष्ठ नाही, आकार नाही.

ही घनाकृती आर्किमिडीज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १३ घनाकृतींपैकी एक होय. समान बाजूंचे ८ षट्कोन व ६ चौरस कार्डबोर्डातून कापून ती सहज जोडता येते. प्रत्येक कोपऱ्यात दोन षट्कोन व एक चौरस यावा. अशा अनेक घनाकृती एकमेकींना लावल्या तर मध्ये फट राहत नाही. मुलांनी त्यापुढे पाच धावपटूंचे ५४१ निकाल मोजून पाहावेत : १२० − २४० + १५० − ३० + १.