'ह्युमॅनिटी'चे मराठी रूप : मानवजात, मानवता आणि माणुसकी

'ह्युमॅनिटी' या एका इंग्रजी शब्दात दोन अर्थ नांदतात. पृथ्वीवरील यच्चयावत माणसांचा समुदाय हा एक अर्थ; माणसाने माणसाशी जसे वागावे तसे वागण्याचा गुण हा दुसरा. इंग्रजी वाचक संदर्भावरून अर्थ ठरवतो आणि पुष्कळदा दोन्ही अर्थ मनात ठेवूनच पुढे जातो. मराठी अनुवादकाला ही सवलत नाही. त्याच्यापुढे 'मानवजात', 'मानवता', 'माणुसकी', 'माणूसपण' असे शब्द उभे राहतात आणि त्यांतील एक स्वीकारताना तो उरलेल्यांचा आशय नाकारीत असतो. इंग्रजी–मराठी कोश हे शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत मांडतात. त्यामुळे ते परस्परांचे पर्याय आहेत असा समज पदव्युत्तर विद्यार्थ्यांत दृढ झालेला दिसतो. तो समज तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही अडचण एकट्या मराठीची नव्हे. पोलिश भाषेत समुदायवाचक शब्द 'लुत्स्कोश्च' आणि गुणवाचक किंवा अवस्थावाचक शब्द 'च्वोव्येचेन्स्त्वो' असे दोन निराळे शब्द आहेत. त्यांचे मूळ धातूही भिन्न आहेत, कारण त्या भाषेत एका माणसाला 'च्वोव्येक' आणि अनेक माणसांना 'लुद्झे' म्हणतात. जर्मनमध्ये 'मेन्शहाइट' आणि 'मेन्शलिशकाइट' अशी जोडी आहे. न्युरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणासाठी १९४५ मध्ये जी सनद तयार झाली, तिच्यात 'ह्युमॅनिटी'विरुद्धचे गुन्हे ही संज्ञा आली. पोलिश भाषेने तिच्यासाठी समुदायवाचक शब्द निवडला. जर्मनमध्ये मात्र गुणवाचक शब्द रूढ झाला. आइखमन खटल्यावरील १९६३ च्या ग्रंथात हॅना आरेन्ट यांनी या जर्मन शब्दयोजनेवर कठोर टीका केली. लक्षावधींच्या संहारात जणू केवळ दयाळूपणाची उणीव राहून गेली होती, असा अर्थ त्या शब्दातून निघतो, हा त्यांचा आक्षेप होता. मराठी वृत्तपत्रे आज 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' असे लिहितात. हा शब्दप्रयोग जर्मन शब्दाइतका निःसंदिग्धपणे चुकत नाही, परंतु आरेन्ट यांची शंका त्यालाही लागू पडते.

मग 'मानवजातीविरुद्धचे गुन्हे' म्हणावे काय? अर्थाच्या दृष्टीने ते अधिक नेमके आहे. पण येथे मराठीची स्वतःची एक विचित्र अडचण आड येते. प्राणिवर्गाचा भेद दाखवणारा 'जात' हा शब्द आणि समाजाचे तुकडे पाडणारा 'जात' हा शब्द, दोन्ही एकच आहेत. सर्व माणसे एक आहेत हे सांगण्यासाठी ज्या समासाचा आश्रय घ्यावा लागतो, त्याच्या उत्तरपदातच माणसांना वेगळे करणारी संस्था बसलेली आहे. सवयीने हा विसंवाद कानाला जाणवत नाही, एवढेच.

'मानवता' आणि 'माणुसकी' यांच्यातील भेद तत्सम आणि तद्भव असा सांगून भागत नाही. खरा भेद प्रत्ययांत आहे. 'ता' हा प्रत्यय गुणाची कल्पना अमूर्त करतो. 'की' हा प्रत्यय मराठीत नात्याशी, पदाशी, वहिवाटीशी जोडलेला आहे: पाटीलकी, गावकी, भावकी, आपुलकी. पाटीलकीत मान असतो आणि जबाबदारीही असते. ती चालवावी लागते, सोडता येते, हिरावलीही जाते. 'माणुसकी'ची घडण याच वळणाची आहे. म्हणून मराठीत माणुसकी दाखवतात, ठेवतात, सोडतात, विसरतात. मानवतेच्या बाबतीत ही क्रियापदे कशीबशी चालतात. तिची बहुधा सेवाच होते.

बोलीकडे वळल्यास हे अंतर अधिक स्पष्ट होते. अमरावती–नागपूर मार्गावरील नांदगाव पेठ हे गाव यासाठी सोयीचे उदाहरण आहे, कारण तेथे शेतीची वऱ्हाडी आणि औद्योगिक वसाहतीची कार्यालयीन मराठी शेजारी शेजारी नांदतात. शेतकरी म्हणतो, 'सोयाबीन सोंगाले मानसं भेटत नाई.' हीच गरज कारखान्याच्या कागदावर उतरते तेव्हा तिचे 'मनुष्यबळ' होते. दोन्ही ठिकाणी माणसाकडे श्रम म्हणूनच पाहिले जाते. पण 'मानसं' या शब्दात माणसे मोजता येतात, 'मनुष्यबळा'त ती विरघळून जातात. केंद्र सरकारचे जे खाते १९८५ पासून २०२० पर्यंत मानव संसाधन विकास मंत्रालय म्हणून ओळखले जाई, त्याला मराठी वृत्तपत्रे 'मनुष्यबळ विकास मंत्रालय' म्हणत. शिक्षणाच्या खात्याला हे नाव पस्तीस वर्षे खटकले नाही, याचे नवल वाटते. वऱ्हाडीत 'तिचा मानूस' म्हणजे तिचा नवरा, आणि 'मानूस हाये का जनावर' हा प्रश्न वर्गीकरणाचा नसून निवाड्याचा असतो. 'मानव' हा शब्द या बोलण्यात सहसा येत नाही. तो येतो तो शासकीय योजनेच्या नावातून. मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या एसटी बसवर 'मानव विकास' अशी अक्षरे विदर्भात अनेकांनी वाचलेली आहेत.

बोलीतील हा निवाड्याचा शब्द विसाव्या शतकात हक्काचा शब्द झाला, ही घटना अनुवादकाने विशेष लक्षात घ्यावयास हवी. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. त्यानंतर पुढच्याच महिन्यात महाडचा दुसरा सत्याग्रह झाला. तेथील भाषणातील त्यांचा युक्तिवाद सुपरिचित आहे: तळ्याचे पाणी पिऊन कोणी अमर होत नाही, तेथे जायचे ते इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी. या चळवळीच्या मराठीत 'माणुसकी' हा शब्द दयेची याचना करीत नाही. जे मुळात आपले होते आणि हिरावले गेले, त्यावरचा तो दावा आहे. आता त्याच काळातील इंग्रजी मजकुरात 'ह्युमॅनिटी' आल्यास आणि त्याचे मराठीकरण 'मानवता' असे झाल्यास, दावा करणारा माणूस एकदम उपकाराची वाट पाहणारा होतो. एका शब्दाच्या निवडीने कर्ता बदलतो. पुढे दलित साहित्याने 'माणूसपण' हा शब्द रुजवला, तो बहुधा यासाठीच. 'माणुसकी'त वर्तनाची छटा उरतेच. 'माणूसपणा'ला कोणाच्या वर्तनाची अट नाही. पोलिश 'च्वोव्येचेन्स्त्वो'च्या सर्वांत जवळचा मराठी शब्द हाच ठरतो.

लिंगाचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमातील 'ऑल मेन' ही शब्दयोजना बदलून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' व्हावी, यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला. मराठी भाषांतरात तेथे 'मानवी व्यक्ती' असा शब्द योजलेला आहे. तो अचूक आहे, पण कोणाच्याही तोंडी नाही. वस्तुतः मराठीला येथे एक आयती सोय होती. 'तो माणूस' पुल्लिंगी असला तरी अनेकवचनात 'ती माणसे' असे नपुंसकलिंगी रूप होते. म्हणजे हंसा मेहतांना इंग्रजीत जे झगडून मिळवावे लागले, ते मराठी अनेकवचनात व्याकरणानेच दिलेले आहे. अर्थात 'बाया न् मानसं' असे जोडीने बोलताना 'मानसं' म्हणजे केवळ पुरुष असा अर्थ होतो, हेही दृष्टीआड करता येत नाही. महात्मा फुले 'मानव' या शब्दाला 'स्त्री-पुरुष' हे शब्द आवर्जून जोडीत, त्यामागे ही जाण असावी.

'राइट्स'साठी मराठीने 'हक्क' पसंत केला हे मात्र योग्यच झाले. हिंदीतील 'मानवाधिकार' शेजारी असूनही महाराष्ट्र राज्याच्या आयोगाचे नाव 'मानवी हक्क आयोग' असेच आहे. मराठी कानाला 'अधिकार' म्हटले की अधिकारी आठवतो.

वैचारिक परिभाषेत गोंधळ अधिक आहे. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारसरणीसाठी 'नवमानवतावाद' हा शब्द स्थिरावला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखा भाष्यकार त्याला लाभला. परंतु 'ह्युमॅनिटेरियन' या विशेषणासाठीही 'मानवतावादी' हाच शब्द वापरला गेल्याने, ईश्वरनिरपेक्ष तत्त्वज्ञान मांडणारा विचारवंत आणि पूरग्रस्तांसाठी पाठवलेली धान्याची पोती यांना मराठीत एकच विशेषण लागते. 'ह्युमॅनिटीज'ची कथा अशीच. 'मानव्यविद्या' हा नेमका शब्द मराठीत उपलब्ध आहे, तरी २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमानंतर 'मानवविज्ञान विद्याशाखा' हे नाव रूढ झाले. ते वाचून 'मानवशास्त्र' आठवले तर वाचकाचा दोष नाही.

उलट दिशेचा अनुवादही तपासून पाहण्याजोगा आहे. गाडगेबाबांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र असे एकेक माणूस आणि त्याची गरज येत जाते. मुकी जनावरेही त्यात आहेत. 'मानवता' हा शब्द तेथे नाही, 'माणुसकी'ही नाही. इंग्रजीत तिचा परिचय करून देणारा लेखक मात्र हटकून 'ह्युमॅनिटी'पाशी येतो, आणि मग जनावरे कोठे बसवावीत हे त्याला कळत नाही.