व्यापारी कोश आणि भाषाभ्यासक

सर जॉर्ज वॅट (१८५१–१९३०) हे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ १८७३ साली अध्यापनासाठी बंगालमध्ये आले. पुढे १८८७ ते १९०३ या काळात हिंदुस्थानातील व्यापारोपयोगी पदार्थांची माहिती सरकारला पुरविणारे अधिकारी म्हणून त्यांनी काम केले. १८८९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला त्यांचा सहा खंडांचा कोश हे याच कामाचे फळ होय.

या कोशात शास्त्रीय नावांबरोबर देशी नावेही दिली आहेत. त्यामागील हेतू भाषाशास्त्रीय नव्हे, व्यापारी होता. एकच धान्य मराठीत ज्वारी वा जोंधळा, कन्नडात जोळ, तेलुगूत जोन्न, तर तमिळमध्ये चोळम्. नावांचा हा गुंता सुटल्यावाचून परप्रांतीच्या पेठेतील माल ओळखणे कठीण होते.

भाषाभ्यासकाने मात्र हा संग्रह जपून वापरला पाहिजे. नावापुढे भाषा वा प्रांत नोंदलेला असतो. ते उच्चारणारा शेतकरी कोणत्या गावचा, हे त्यावरून कळत नाही. शिवाय रोमन लिपीतील नोंदींतून न-ण, ल-ळ हे भेद नेहमीच हाती लागतात असे नाही. म्हणून अशी नोंद बोलीचा पुरावा मानण्यापूर्वी ती त्या त्या प्रदेशातील प्रत्यक्ष उच्चाराशी ताडून पाहणे अवश्य आहे.