डाळिंबाच्या सालीतला पिवळा

ऑनलाइन वर्गांमुळे नैसर्गिक रंगकाम आता घरच्या गॅसवर आलंय. सामानही घरचंच: कांद्याची सालं, डाळिंबाची सालं, झेंडूची फुलं.

पण खरं कसब रंगात नाही, त्याआधीच्या तयारीत आहे. सुती कापड आधी धुण्याच्या सोड्यात उकळून त्यातली खळ आणि मेण काढावं लागतं. मग हिरड्याचं पाणी, त्यानंतर तुरटी. हिरड्यातलं टॅनिन धाग्याला धरतं, तुरटी त्याला चिकटते आणि रंग या दोघांना. रेशीम-लोकरीला नुसती तुरटी पुरते. ती साधारण कोरड्या कापडाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के घेतात, म्हणून वजनकाटा हवाच.

डाळिंबाच्या सालीत रंगवलेला पिवळाधमक रुमाल लोहाच्या पाण्यात बुडवला, की डोळ्यांदेखत काळपट हिरवा-राखाडी होतो. हा क्षण पडद्यावर पाहणं वेगळं, स्वतःच्या बादलीत पाहणं वेगळं!

हळद मात्र फसवी. रंग झकास चढतो, पण उन्हात भराभर उडतो. पक्क्या लालसाठी मंजिष्ठाच बरी.

भांडं स्टीलचं घ्यावं, कारण लोखंडी भांडं छटा बदलतं. आणि ते स्वयंपाकाला पुन्हा वापरू नये.