वाकनिशी कोणाकडे सोंपवावी?

फडणीस, चिटणीस, पारसनीस, वाकनीस हीं आडनांवें आपल्या नित्य कानांवरून जातात. त्यांच्या अंतीं असलेला ‘नीस’ हा मूळचा फारसी ‘नविस’, म्हणजे लिहिणारा. ‘रोजनिशी’ या शब्दांतही तोच बसलेला आहे. फडणिसानें हिशेब व दप्तर सांभाळावें, चिटणिसानें पत्रव्यवहार पाहावा, पारसनिसानें फारसी पत्रें लिहावीं आणि वाकनिसानें रोज घडलेलें वृत्त टिपून ठेवावें, अशी जुन्या दरबारीं कामाची वांटणी असे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील मंत्री म्हणजेच वाकनीस. लिहिण्याचे प्रकार निरनिराळे आहेत आणि एकास लागणारी बुद्धि दुसऱ्यास लागतेच असें नाहीं, हें या वांटणीवरून सहज ध्यानांत येतें.

आज हीं सर्व कामें तळहाताएवढ्या मोबाईलमध्यें एकत्र येऊन बसलीं आहेत. त्यांत कॅलेंडर आहे, कामांची यादी आहे, टिपणवही आहे, खर्चाचा हिशेब आहे; आणि डिसेंबर २०२३ मध्यें ॲपल कंपनीनें आपल्या आयफोनसाठीं रोजनिशीचें स्वतंत्र ॲपही काढलें. तरुण मंडळी विचारतात, हें सर्व हाताशीं असतां कागदाची वही कशाला? वडील मंडळी म्हणतात, वही असतां या यंत्राचे लाड कशाला? आमच्या मतें हे दोन्ही प्रश्न अर्धवट आहेत. कोणतें लिहिणें कोणाकडे सोंपवावें, एवढेंच प्रत्येक घरानें ठरवावयाचें आहे.

प्रथम यंत्राच्या पदरांत त्याचें श्रेय घालूं. एकत्र कुटुंबांत विजेचें बिल, विम्याचा हप्ता, आजोबांची रक्तदाबाची गोळी, नातीच्या शाळेंतील पालकसभा, गॅसचा सिलिंडर अशीं कामें रोजचींच. तीं एकाच्याच वहींत राहून भागत नाहीं. सर्वांस दिसलीं पाहिजेत, आणि वेळेवर कोणी तरी हांक मारली पाहिजे. वही कितीही सुबक असली तरी दुपारीं दोन वाजतां ती हांक मारीत नाहीं. गूगलचें कॅलेंडर २००६ पासून लोकांच्या हातीं आहे. त्यांत पुण्यास सुनबाईंनीं घातलेली नोंद परदेशांतील चिरंजिवांस लगेच दिसते, तीही तेथील घड्याळाप्रमाणें. जें वेळेशीं बांधलेलें आहे, जें पुनःपुन्हां येतें, आणि जें अनेकांनीं पाहावयाचें आहे, तें निःशंकपणें यंत्राकडे द्यावें. ही त्याची फडणिशी व चिटणिशी.

येथें एकच सावधगिरी हवी. वर्षश्राद्ध ‘दरवर्षीं’ म्हणून कॅलेंडरांत घातलें, कीं यंत्र इंग्रजी तारीख धरून बसतें. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें, सौर वर्ष सुमारें ३६५ दिवसांचें. हा फरक सांठत जाऊन साधारण ३२ ते ३३ महिन्यांनीं अधिक मास येतो. अर्थात् यंदाची तारीख पुढील वर्षीं जुळत नाहीं. जयंतराव साळगांवकरांनीं १९७३ सालीं सुरू केलेली ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका भिंतीवर असली म्हणजे ही अडचण उरत नाहीं. शिवाय दुधाचे खाडे मांडावयास तिच्यांतील चौकटी घराघरांत उपयोगीं पडतातच. नवी दिनदर्शिका घरीं आली म्हणजे घरांतील सर्व तिथि त्या त्या वर्षाच्या तारखांसह एकदांच मोबाईलमध्यें भराव्या. कागदानें सांगावें व यंत्रानें आठवण द्यावी.

आतां वाकनिशीकडे वळूं. आज काय ठरविलें आणि कां ठरविलें, कोणाशीं बोलतांना आपला तोल गेला, कोणाच्या एका शब्दानें धीर आला, हें लिहावयास मनुष्याला कांहीं वेळ स्वतःपाशीं बसावें लागतें. मोबाईलच्या पडद्यावर तें कठीण. रोजनिशी लिहूं म्हणून तो उघडावा, तों निरोप येतो. निरोपामागून बातमी, बातमीमागून क्रिकेटचा धांवफलक. आणि अर्ध्या तासानें मनुष्य भलत्याच दारांतून बाहेर पडतो. वहीला दुसरें दार नसतें.

कागदाच्या बाजूनें बोलतांना अतिशयोक्ति मात्र करूं नये. म्युलर व ओपनहायमर या अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लॅपटॉपवर टिपणें घेणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवीत आणि आशयाच्या प्रश्नांत मागें पडत, असें आढळलें. २०१९ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हां निष्कर्ष इतका स्पष्ट निघाला नाहीं. तेव्हां लेखणींत कांहीं जादू आहे असें आम्ही म्हणत नाहीं. हात सावकाश चालतो, त्यामुळें काय लिहावें व काय सोडावें हें ठरवावें लागतें, एवढा गुण तिच्या पदरीं निश्चित आहे. गाईडांतील उत्तर उतरविणारा आणि स्वतःच्या वाक्यांत चुकतमाकत लिहिणारा, या दोन विद्यार्थ्यांतील अंतर आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें पाहिलें आहे.

हीच गोष्ट यंत्रविद्येंतील मनुष्यासही पटली, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथें रायडर कॅरोल नांवाचे गृहस्थ संगणकीय रचनेचा व्यवसाय करीत. त्यांनीं २०१३ सालीं ‘बुलेट जर्नल’ ही साध्या वहीची पद्धति लोकांपुढें मांडली. तिचें मर्म असें, कीं महिन्याच्या शेवटीं राहिलेलें काम पुढें न्यावयाचें तर तें हातानें पुन्हां लिहावें. लिहिण्याचा कंटाळा आला, तर तें काम खरोखर करावयाचें आहे काय, असें स्वतःस विचारावें.

पुढचा प्रश्न टिकण्याचा. ‘वंडरलिस्ट’ नांवाचें कामांच्या याद्यांचें लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं विकत घेतलें आणि मे २०२० मध्यें बंद केलें. याद्या दुसरीकडे हलविल्या तरी चालतें; तीस वर्षांची रोजनिशी अशी परक्याच्या ओसरीवर ठेवावी काय? उलट कागदही अमर नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतील घरांत पाणी शिरून होत्याचें नव्हतें झालें. म्हणून महिन्याच्या अखेरीस वहीच्या पानांचीं छायाचित्रें मोबाईलनें काढून दोन ठिकाणीं ठेवावीं. याचा मोठा दाखला पुण्यांतच आहे. डेक्कन कॉलेजांत १९४८ सालीं संस्कृत महाकोशाचें काम सुरू झालें. सुमारें १,५०० ग्रंथ वाचून विद्वानांनीं हातानें लिहिलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तेथें आहेत. त्या आतां संगणकावर आणण्याचें काम हातीं घेण्यांत आलें आहे. निवड मनुष्याच्या वाचनानें झाली. शोधण्याचे श्रम यंत्र वांचवील.

एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. एकत्र घरांत वही उघडी राहिली कीं वाचली जाते, या भयानें कित्येक सुना-लेकींनीं कधींच कांहीं लिहिलें नाहीं. मोबाईलच्या कुलुपानें त्यांना प्रथमच स्वतःचा कोपरा मिळाला, हें मान्य केलें पाहिजे. परंतु तेंच कुलूप माणसाच्या पश्चात् घरच्यांसही उघडत नाहीं. यास उपाय घरानेंच करावयाचा आहे. प्रत्येकास कुलुपाचा एक खण द्यावा. सासूनें सुनेची आणि बापानें मुलाची वही उघडूं नये, असा दंडक घालावा. मोबाईलचा पासवर्ड बंद पाकिटांत घालून विश्वासाच्या एका माणसापाशीं ठेवावा.

नित्यक्रम अगदीं साधा असावा. सकाळीं मोबाईलमधील कामें पाहून त्यांतील मुख्य तीन वहींत लिहावीं. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं मोबाईल दुसऱ्या खोलींत चार्जिंगला लावावा आणि पंधरा मिनिटें वही घेऊन बसावें. वर तारीख व तिथि. खालीं काय झालें, काय उमगलें, काय राहिलें. जें राहिलें त्यास वेळ नेमून दुसऱ्या दिवशीं तें यंत्राकडे द्यावें. वही शाळेची दोनशें पानी चालेल. मात्र पानांस आंकडे घालून पहिल्या पानावर अनुक्रमणिका ठेवावी, म्हणजे शोधतांना अडत नाहीं.

वीस वर्षांनीं आपल्या नातवंडांस आजी कोणत्या तारखेस इस्पितळांत गेली, हें कदाचित् यंत्र सांगेल. त्या रात्रीं उशाशीं कोण जागलें, आजी काय म्हणाली, आणि घरांतील रुसवा कोणी मोडला, हें मात्र कोणीं लिहून ठेवलें असेल तरच कळेल. आमच्या वाचकांनीं व वाचकभगिनींनीं आज रात्रीं निदान तीन ओळींनीं आरंभ करावा, एवढीच विनंति.