उलटं चढणारं पाणी

पुढच्या शतकातलं शहर कॅमेऱ्यात पकडायचं, तर सगळ्यात जास्त वेळ जातो वायरी टाळण्यात. मेहमूद दरवाजापाशी फ्रेम लावली की वरच्या कोपऱ्यात केबल लोंबते, खाली दुचाकीचं हँडल घुसतं, मागे कुणाच्या तरी गच्चीवरची काळी टाकी उभी असते. ट्रायपॉड हातभर सरकवला की टाकी जाते, पण बॅनर येतो. सिनेमा शिकणाऱ्या चार-पाच मुलामुलींचा गट छत्रपती संभाजीनगरच्या नहरींवर एक छोटी विज्ञानकथा करत होता. गोष्टीत धरण आटलंय आणि एक मुलगी जमिनीखालचा जुना प्रवाह कानांनी शोधत शहरभर फिरते. नहरी कुठून कशा जातात हे सांगायला मी त्यांच्याबरोबर होते.

सेट उभारायला पैसे नव्हते, आणि ते बरंच झालं. गोदारने 1965 मध्ये ‘अल्फाव्हिल’ केला तेव्हा परग्रहावरचं शहर म्हणून त्याने त्या काळचं रात्रीचं पॅरिसच दाखवलं. तार्कोव्स्कीच्या ‘सोलारिस’मधली भविष्यातली रहदारी म्हणजे टोकियोचे खरेखुरे उड्डाणपूल. कालव्यांचं शहर म्हटलं की सगळ्यांना व्हेनिस आठवतं. तिथे जन्मलेल्या कार्लो स्कार्पा या वास्तुकाराने त्याच प्रांतातल्या एका खेड्यात ब्रिऑन कुटुंबाचं समाधिस्थळ बांधलं. काँक्रीटच्या पायऱ्या, मधून खेळवलेलं पाणी. 2024च्या ‘ड्यून’च्या दुसऱ्या भागात हजारो वर्षांनंतरच्या सम्राटाची बाग म्हणून तीच जागा दिसते.

आपले कालवे मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली आणि 1617च्या सुमाराला तिला पाणी दिलं. उत्तरेकडच्या डोंगरउतारावर झिरपणारं पाणी जमिनीखालीच अडवायचं, दगड-चुन्याच्या बोगद्यातून निव्वळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणायचं आणि पुढे भाजलेल्या मातीच्या नळांतून हौदाहौदात सोडायचं. ही नहर-ए-अंबरी. तिच्यानंतर आणखीही नहरी झाल्या. कुठे मोट नाही, रहाट नाही, ओढायला बैल नाही.

वाटेत लागतात ते बंब. बाहेरून बघावं तर नुसता चौकोनी, जाडजूड, दगड-विटांचा खांब. ना दार ना खिडकी. न सांगता दाखवला तर कुणीही विचारेल, हे कशासाठी? आतून एका नळाने पाणी वर चढतं, माथ्यावर क्षणभर मोकळं होतं, त्यातली कोंडलेली हवा निघून जाते, दाब उतरतो आणि दुसऱ्या नळाने ते पुढे निघतं. पाणी आपल्या पातळीपर्यंत चढतंच, एवढ्या एका गोष्टीवर अख्खं शहर पाणी प्यायलं. पाणी नळांतून दामटून न नेता असं वाटेत श्वास घ्यायला थांबवायचं, ही मला त्या सगळ्या रचनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

पण हे दाखवायचं कसं? बंबाचं पोट कापून तर दाखवता येत नाही. त्यावर तोड निघाली पाणचक्कीत.

बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगराकडून आलेलं पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळतं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. पाण्याच्या जोराने खाली पात्यांचं आडवं चाक फिरायचं, त्याच्या उभ्या दांड्यावर जात्याची वरची तळी फिरायची आणि फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ निघायचं. कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाने सकाळी ऊन भिंतीवर तिरकं असताना लेन्स पडत्या पाण्याच्या इतकी जवळ नेली, की भिंत, झाड, माणसं सगळं फ्रेमबाहेर गेलं. सेकंदाला 120 फ्रेम. दर दोन मिनिटांनी काच पुसायची, कारण तुषार बसले की सगळा शॉट धुरकट होतो. मग तिथेच, ओट्यावर, लॅपटॉपवर त्याने तो शॉट उलटा चालवला. विस्कटलेले थेंब गोळा होत गेले, त्यांची एकसंध चादर झाली आणि ती सावकाश भिंतीवर चढू लागली. आवारात काम करणारे एक चाचा मागून बघत होते. म्हणाले, “बेटा, अंदर ऐसाइच चढता पानी. इसमें जादू क्या है?”

जादू नव्हतीच. बंबात जे घडायचं आणि कुणाला दिसायचं नाही, तेच पडद्यावर आलं होतं.

आवाजाचं काम त्याहून चिवट. आवारात पर्यटकांचा गलका, बाहेर रिक्षा. ध्वनी बघणाऱ्या मुलीने बूम बाजूला ठेवला आणि बटणाएवढा कॉन्टॅक्ट माइक थेट दगडाला चिकटवला. हा माइक हवेतला आवाज फारसा धरत नाही, दगडातली थरथर धरतो. हेडफोन माझ्या कानांवर आले तेव्हा गलका नाहीसा झाला होता. राहिली होती एक खोल, सलग घरघर आणि मधूनच हवेचा बुडबुडा सुटल्यासारखा ठोका. गोष्टीतल्या मुलीला ऐकू येणारं पाणी ते हेच. ही धार उन्हाळ्यात बारीक होते, कधी बंदही पडते, म्हणून मुलांनी पाऊसकाळ संपायची वाट पाहिली होती.

वाद झाला तो टँकरवरून. दिग्दर्शिकेला फ्रेममध्ये आजचं काहीच नको होतं, म्हणून टँकर दिसला की कॅमेरा बंद. मला हे पटेना. शहराला जायकवाडी धरणाचं पाणी पैठणहून पंपांनी वर चढवून आणावं लागतं, नळ कित्येक दिवसांच्या खंडाने येतो, मधले दिवस ड्रम आणि टँकरवर निघतात. ज्या नहरी हे काम विजेविना करत होत्या, त्या रस्त्यांनी, इमारतींच्या पायांनी, गटारांनी जागोजागी फोडल्या. हे वगळलं तर राहतं ते फक्त देखणं दगडकाम. आणि धरण आटलेल्या शहरात टँकर नसेल तर काय असेल? मी तसं बोलले. “मॅडम, मग तो आजचा वाटेल ना,” ती म्हणाली. “वाटू दे,” मी म्हटलं.

तिने रात्र निवडली. टँकरच्या नंबरप्लेटवर कापड टाकलं, एक निळी एलईडी पट्टी टाकीमागे लपवली, बाकी अंधार. गोल लोखंडी पोट, त्यावर झिरपलेल्या पाण्याची चमक आणि एका ओळीत मांडलेले ड्रम. ड्रम खरेच होते, गल्लीतल्या लोकांनी दुसऱ्या दिवशीसाठी लावून ठेवलेले. तिने ते हलवू दिले नाहीत.

एडिटमध्ये हा शॉट चढत्या पाण्याला जोडलाय. मोटारीचा आवाज काढून त्याखाली दगडातली घरघर ठेवलीय. मला ती किंचित मोठी वाटते. ड्रममध्ये पाणी पडण्याचा आवाज तिच्यात बुडतो. फायनल मिक्सिंग व्हायचंय, तेवढी खाली घ्या असं सांगितलंय.